खोलीतला वास

तिसऱ्यांदा ठाण्यात जाऊन कडूबा तीच गोष्ट सांगत होता आणि तिसऱ्यांदा फौजदारसाहेब ती लिहून घेत नव्हते.

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हाताऱ्याच्या कपाळावरचा बुक्का आणि गळ्यातली माळ बघून त्यांनी त्याला पंख्याखालची जागा दिली, चहा मागवला, आणि समोरचा कागद उलटा करून त्यावर पेन आडवा ठेवला. कडूबाची नजर त्या पेनावर होती.

"साहेब, गव्हात सोंडे झाल्ते. बारा पोते गहू. त्यात म्या किडं मारायच्या गॅसच्या गोळ्या ठेवल्या. जुन्या धोतराच्या चिंध्या फाडल्या, एकेका चिंधीत दोन-दोन गोळ्या बांधल्या अन् पोत्यात खुपसल्या. लेकरं त्याच खोलीत निजले. माझ्या सुनेचा ह्यात बिलकुल गुन्हा न्हाई."

"गोळ्या तर सगळेच ठेवतात, बाबा. आमच्या घरीही ठेवतात."

कडूबा म्हणाला, मीबी ठेवायचो. पत्र्याचं घर होतं, चारी बाजूंनी वारं यायचं, पोत्याला पाठ लावून झोपायचो तरी कधी शिंक आली नाही. औंदा घरकुल झालं. स्लॅबची खोली, एक दार, एक खिडकी. पत्र्याचं घर गळतं म्हणून गहू तिथं नेला, अन् लेकरांना थंडी वाजती म्हणून खिडकीतबी मीच बारदान कोंबलं.

साहेबांनी सगळं ऐकलं. मग त्यांनी मागच्या दोन्ही वेळी विचारलं होतं तेच विचारलं. पंचनाम्याला ते स्वतः गेले होते. पोत्यांची तोंडं उघडून पाहिली होती. चिंधी नाही, गोळी नाही, गोळीची राख नाही. खिडकीत बारदानही नव्हतं. "चोवीस गोळ्या म्हणता. गेल्या कुठं मग?"

इथं कडूबा गप्प झाला. मागच्या दोन्ही खेपांना तो इथंच गप्प झाला होता.

साहेबांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "असा सासरा मी नोकरीत पाहिला नाही. पण बाबा, नातवंडं गेली ती तुमचीच ना? तिला वाचवून काय मिळणार तुम्हांला? लॅबचा रिपोर्ट येऊ द्या." बाहेर निघताना हवालदारानं वाकून कडूबाच्या पायाला हात लावला. कडूबाने पाय मागं घेतला, पण तोवर लावून झाला होता.

झालं होतं ते असं. मार्गशीर्षात गव्हाला पाणी द्यायचं होतं आणि लाइट रात्रीची. सत्यशीला, कडूबाची सून, लेकरांना हळद घालून दूध पाजून, घरकुलाचं दार ओढून सासऱ्याबरोबर शेतात गेली. भागवत, तिचा नवरा, जालन्याला सळईच्या कारखान्यात; आठवड्याला घरी येणारा. सासू चतुराबाई गुडघ्याच्या दुखण्यानं पत्र्याच्या घरात पडलेली. पहाटे सत्यशीला पुढं आली आणि दार उघडलं, तर सात वर्षांचा पार्थ उंबऱ्यापाशी पालथा, आणि चार वर्षांची जान्हवी गोधडीत. दोघांनाही उलट्या झालेल्या.

आदल्या दिवशी कापूस वेचताना पार्थाने बहिणीला ढकललं होतं, तिचा ओठ फुटला होता. सत्यशीला साऱ्या बायांसमोर ओरडली होती, आज तुम्हा दोघांना औषीद पाजून मोकळीच व्हते, बघा. पोलिसांनी विचारलं तेव्हा बायांनी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. एकीनंही त्यात तिखटमीठ लावलं नाही. तेवढ्या एका वाक्यावर आणि धुऊन पालथ्या घातलेल्या दुधाच्या पातेल्यावर सत्यशीला जेलात गेली.

*

कापूस फुटून झाडांवर लोंबत होता. वेचायला मजूर येत नव्हते. त्या वावरात पाय नको, असं बाया उघड म्हणत नव्हत्या, फक्त दुसरीकडचं काम आधी घेतलं म्हणत होत्या. म्हणून म्हातारा-म्हातारी दोघंच कमरेला फडकी बांधून सरीत उतरली. सकाळच्या दवानं कापूस ओला, बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटांची पेरं सोललेली. चतुराबाईला वाकता येत नव्हतं, ती बसून पुढं सरकत होती. दुपारपर्यंत तिच्या लुगड्याचा मागचा भाग मातीनं काळा झाला.

ती कामाच्या मधेच थांबून म्हणायची, "आज कुठं गेल्ता?"

"ठाण्यात."

"कामून स्वतःला लावून घेऊन राह्यले? जायचे ते गेले. आता तुम्हीबी जा म्हणजे झालं. मंग भागवताचं कोण राह्यलं?"

कडूबा पुढची बोंडं वेचायचा. चतुराबाईला गोळ्यांचं खरं वाटत होतं की नाही, ते तिनं कधी उघडं केलं नाही. तिला ते ऐकायचंच नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी शेजारच्या वावरातली मीना बांध ओलांडून आली आणि न बोलता त्यांच्या सरीत वेचायला लागली. तुमच्यासाठी आले मामा, म्हणाली, तुमच्यासारख्या माणसाला एकटं कसं सोडायचं. गावात सारे हेच म्हणत होते. वीस वर्षांपूर्वी अप्पारावाच्या बैलानं दुसऱ्याचं उभं पीक तुडवलं होतं, दोन घरांत कुऱ्हाडी निघायची वेळ आली होती, तेव्हा कडूबानं पुढं होऊन सांगितलं होतं की बैल माझा होता. खोटं बोलला होता, पण माणसं वाचली होती. उभ्या जन्मात तेवढं एकच खोटं. आता गाव तीच गोष्ट चहाच्या टपरीवर पुन्हा सांगत होतं. कडूबानं तेव्हा बैल अंगावर घेतला, आता सून घेतो. केवढं मन.

आपल्याच चांगुलपणात आपण असे अडकू, हे कडूबाला कधी सुचलं नव्हतं.

त्यानं मीनाला विचारलं, "तू म्हणत न्हाईस पोरांला? मरून जा, गिळून टाकते, असं?"

मीनाचे हात थांबले नाहीत. "म्हणते ना. रोज म्हणते. दिवसातून दहादा." मग थोडं पुढं जाऊन ती म्हणाली, "पण माझी जित्ती हायेत, मामा."

*

भागवत शनिवारी आला. कारखान्यातल्या भट्टीच्या झळांनी त्याचा चेहरा तांबडा पडलेला, डोळे आत गेलेले. जेवताना कडूबानं पुन्हा विषय काढला. वकिलाकडं चल, म्हणाला, तुझ्यासमोर सांगतो. भागवतानं भाकरी ताटात ठेवली. त्याला राग आला नव्हता. तो थकला होता. दादा, त्यानं हळूच सांगितलं, लोक म्हणतेत तसं तुम्ही मोठे असताल. पण माझे लेकरं हायेत ते. त्यांच्या मरणावर तुम्ही पुण्य नका करू. आणि हात धुऊन तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

त्या रात्री नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाईचं शेण उचलून उकिरड्यावर टाकताना कडूबाच्या हातून टोपलं निसटलं. कारण ठाण्यात सांगताना त्यानं गाळलेली गोष्ट तिथं होती.

त्या पहाटे शेवटचे दोन वाफे भिजवून तो घरी आला तेव्हा जीप लेकरांना घेऊन दवाखान्यात निघून गेली होती. सत्यशीला, चतुराबाई, शेजारीपाजारी, कोणीच नव्हतं. तो एकटा घरकुलात शिरला. सडक्या लसणासारखा वास नाकात शिरला आणि त्याच्या सगळं ध्यानात आलं. सगळं, त्याच क्षणी. मग त्याच्या हातांनी काय केलं ते त्याच्या डोळ्यांनी पाहिलं. पोत्यांतून एकेक करून बाराही चिंध्या ओढल्या. आतल्या गोळ्यांची राखाडी भुकटी झाली होती. त्या उकिरड्यात खोल खुपसल्या. खिडकीतलं बारदान काढून गोठ्यात टाकलं, दार-खिडकी सताड उघडली. दुपारी पोलीस आले तेव्हा खोलीत गार वारं खेळत होतं.

सत्यशीलेनं जबानीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, साहेब, खोलीत वास होता. साहेबांनी नाक लावून पाहिलं, तर वास नाही. तिथूनच तिचं बाकीचंही सारं खोटं धरलं गेलं.

आणि कडूबा पंधरा दिवस गप्प राहिला. सोळाव्या दिवशी बोलला ते अर्धं बोलला. चूक सांगितली, लपवणं गाळलं. चूक झाली म्हणणारा माणूस म्हणून गावासमोर उभं राहता येत होतं. दुसरं सांगितल्यावर कुठं उभं राहायचं, ते त्याला समजत नव्हतं. चाळीस वर्षं हातात टाळ धरलेला माणूस. पण देव काही टाळ मोजत नाही.

*

सोमवारी तो जेलात सत्यशीलेला भेटायला गेला. बदनापूरवरून येणाऱ्या जावयाच्या गाडीवर मागं बसून गेला, दोन तास रांगेत उभा राहिला. जाळीपलीकडं ती आली ती ओळखू येईना. केस तेलाविना राठ, गळ्यातलं मंगळसूत्र कुठं तरी जमा झालेलं. तिनं डोक्यावरून पदर घेतला, सासऱ्यासमोर घ्यायची तसाच.

गाय व्याली का, तिनं विचारलं. आत्याबाईच्या गुडघ्याला तेल कोण लावतं, ते विचारलं. भागवताचं नाव काढलं नाही. मग जाळीला बोटं धरून ती अगदी खाली बोलली.

"मामा, एक सांगता का? तुम्हीबी त्या दिवशी खोलीत गेले असताल. वास आल्ता ना? का मलाच तसं वाटलं?"

कडूबा जाळीजवळ सरकला.

"इथल्या बाया म्हणतेत, आठव नीट. मी रोज आठवते. दूध तापवलं, हळद टाकली, साखर टाकली. साखरच टाकली ना मी? डब्बे शेजारी शेजारी असतेत. आता मला साखरेचा डब्बाच दिसत न्हाई डोळ्यासमोर. मीच काही केलं असंल का, मामा?"

वेळ संपली म्हणून शिपायानं काठी आपटली. कडूबा आल्ता, आल्ता वास, एवढं म्हणाला. पण पलीकडून दुसऱ्या कुणाच्या तरी रडण्याचा आवाज मोठा झाला होता. तिला ऐकू गेलं की नाही, ते कळलं नाही. ती वळून आत गेली.

परतीच्या वाटेवर गाडीच्या मागच्या शिटावर त्याला एकच दिसत राहिलं. आतापर्यंत ती जेलात होती, पण निर्दोष होती. आता तेही तिच्याकडून निघून चाललं होतं.

*

गावात सप्ताह बसला होता. शेवटच्या दिवशी सकाळी दहाला काल्याचं कीर्तन. मारुतीच्या देवळापुढं मांडव, एका अंगाला बाया, एका अंगाला पुरुष, मधल्या वाटेवर टाळकऱ्यांच्या दोन रांगा. काल्याच्या कीर्तनाची गोडी ज्यानं घेतली त्यालाच ती कळते. गवळ्याची पोरं आपापल्या शिदोऱ्या सोडतात, एकाची भाकरी दुसऱ्याच्या लोणच्यात जाते, आणि प्रत्यक्ष देव त्यांच्या ताटातलं उष्टं मागून खातो. ते ऐकताना साठीची माणसं लेकरं होतात. कीर्तनकार आदिनाथ महाराजांचा गळाही तसाच, मृदंगावर स्वार होऊन चढणारा. त्यांनी अर्धा मांडव हसवला, अर्धा रडवला. कडूबा पहिल्या रांगेत टाळ धरून उभा होता. त्याचा एकही टाळ चुकला नाही.

मग महाराज थांबले. मृदंग हलका झाला. ते म्हणाले, देवानं भक्तांचं उष्टं खाल्लं, हे मोठं खरं. पण दुसऱ्याचं पाप मागून घेऊन आपल्या ताटात वाढून घेणारा माणूस तुमच्याच गावात आहे, आणि तुम्ही त्याच्या शेजारी उभे आहात. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. पोटच्या लेकरांवर उठलेल्या आईसाठीसुद्धा ज्याच्या पोटात माया आहे, असं म्हणाले. बायांच्या अंगानं हुंदके आले. अप्पारावानं पुढं होऊन कडूबाच्या गळ्यात हार घातला. आजची दहीहंडी दादांच्या हातानं, महाराज म्हणाले, आणि त्याला माइकपाशी बोलावलं.

कडूबानं टाळ मागच्या माणसाच्या हातात दिले. हार गळ्यात तसाच.

"रामकृष्ण हरी," तो म्हणाला, आणि मांडवानं उत्तर दिलं.

"महाराज, माझ्या सुनेनं लेकरांना मारलं न्हाई. गव्हात गोळ्या म्या ठेवल्या."

मांडवात कुणी तरी डोळे पुसले. पुरे दादा, बसा आता, अप्पाराव मायेनं म्हणाला. महाराजांनी कडूबाच्या खांद्यावर हात ठेवला. हे सारं त्याला पाठ झालं होतं. आता चहा येईल, पायाला हात लागेल, आणि सत्यशीला साखरेचा डबा शोधत राहील.

त्यानं तो हात खांद्यावरून काढला.

"म्या अर्धंच सांगितलं आजवर. आता बाकीचं ऐका. त्या सकाळी खोलीत वास व्हता. सून खरं सांगून राह्यली. जीप गेल्यावर मी आत गेलो, वास आला अन् मला तिथंच समजलं. मंग म्या बाराही चिंध्या काढल्या. उकिरड्यात घातल्या. खिडकी उघडली. पोलीस यायच्या आधी. कुणी पाहू नये म्हणून."

कुणी बसा म्हणालं नाही.

"एक चिंधी सुटली, भुकटी हाताला लागली. हाताची आग झाली. हात राखेनं तीन बार धुतले. मंग दवाखान्यात गेलो, तिथं भागवत सुनेला मारायला धावला, ते म्या पाहिलं. तिला गाडीत घालून नेलं, ते पाहिलं. पंधरा दिवस बोललो न्हाई. मला भेव वाटत व्हतं. तुमचं सगळ्याचं भेव वाटत व्हतं."

मृदंगवाल्याचे हात मृदंगावर होते, पण आवाज नव्हता. महाराज एक पाऊल मागं सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण काय बोलून बसलो, ते त्यांना आत्ता दिसत होतं, आणि ते खाली पाहत राहिले. बायांच्या अंगानं मीना उठून उभी राहिली, पदर तोंडात धरला आणि मांडवाबाहेर निघून गेली. अप्पारावानं पुढं येऊन कडूबाच्या गळ्यातला हार काढून घेतला. हळूच काढला, पण काढला.

तेव्हा कडूबाला समजलं की आज त्याचं ऐकलं गेलं.

*

फौजदारसाहेब दोन शिपाई घेऊन तीनच्या सुमाराला आले. भागवतानं फावडं घेतलं. आपणच उकरतो म्हणाला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ओल्या शेणाचे थर निघत गेले, खाली वाफ येत होती. कमरेएवढा खड्डा झाल्यावर पहिली चिंधी निघाली. काळी पडलेली, पण गाठ तशीच. मग दुसरी. शिपाई त्या पांढऱ्या पिशव्यांत भरत होता आणि कडूबा बांधावर बसून मोजत होता. बारा झाल्या.

घरकुलाचं दार ओढलेलं होतं. चतुराबाई त्याच्या पायरीवर बसली होती, कुणाकडंच पाहत नव्हती.

भागवत खड्ड्यातून वर आला. गुडघ्यापर्यंत शेणानं भरलेला. बापाच्या समोर उभा राहिला तेव्हा कडूबाला वाटलं, आता फावडं उचलील. उचललं असतं तरी त्यानं मान मागं घेतली नसती.

"म्या तिच्या अंगावर धावून गेल्तो, दादा," भागवत म्हणाला. "दवाखान्यात, साऱ्यांसमोर. तिच्या केसाला धरलं. तुम्ही भिंतीला उभे व्हते. तवा तुम्हांला माहीत व्हतं."

"माहीत व्हतं," कडूबा म्हणाला.

भागवतानं फावडं खाली टाकलं. साहेबांकडं वळून त्यानं विचारलं, तिला कधी सोडता. साहेबांनी नजर चुकवली. आज लगेच होणार नाही, म्हणाले, हे कोर्टात ठेवावं लागेल, लॅबचा रिपोर्ट लागेल, गव्हाचा नमुना आता पाठवावा लागेल. महिनाभर लागू शकतो. जास्तही. भागवत ते ऐकून घेत उभा राहिला आणि मग म्हणाला, उद्या जेलात मी जातो. तिला वास आल्ता, हे मी सांगतो. त्याचा आवाज फाटला आणि तो गाईच्या गोठ्याकडं निघून गेला.

साहेब ओट्यावर बसले. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. पेनाचं टोपण काढून त्यांनी ते पेनाच्या मागच्या टोकाला लावलं. आज त्यांनी कडूबाला बाबा म्हटलं नाही.

"पूर्ण नाव?"

कडूबानं सांगितलं.

"वय?"

"अडुसष्ट."

"धंदा?"

"शेती."

पेन कागदावर चाललं होतं. ज्या चालीसाठी तो तीन वेळा ठाण्याच्या पायऱ्या चढला होता, ती आता त्याच्या समोर होती, आणि ती थांबत नव्हती. साहेबांनी मान वर न करता पुढचं विचारलं.

"मयत मुलांशी नातं?"

कडूबानं तोंड उघडलं. मांडवात शंभर माणसांसमोर न अडकलेली जीभ इथं अडकली. साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा पायरीवरची चतुराबाईही इकडं पाहायला लागली.

"आजा," तो म्हणाला. साहेबांनी ते लिहिलं.